नागपूरहून एका दिवसात धबधबा: आजी आणि लेकरांसकट, पायी

मुग्धा_प्रतापनगर
नमस्कार. ऑगस्टमधला एखादा रविवार धरून घरच्यांसोबत धबधब्याला जायचा विचार आहे. आम्ही आठ जण: चार मोठे, सासूबाई (वय ६७, गुडघे थोडे कुरकुरतात, पण रोज सकाळी अंबाझरीला चालतात), पुतण्या १४ चा, मुलगी ११ ची आणि मुलगा ६ वर्षांचा. दोन गाड्या आहेत. सकाळी निघून रात्री घरी यायचं, मुक्काम नाही.

गाडीतून उतरून फोटो काढून परत यायचं नाहीये. तासभर तरी डोंगरात चालणं व्हावं, मुलांना जंगल दिसावं. चिखलदरा, पचमढी, हाजरा फॉल, कुकडीखापा अशी नावं सगळे सुचवताहेत. एका दिवसात नीट काय होईल? आणि तयारीत लोक नेमकं काय विसरतात?

सीताबर्डीकर
चिखलदरा आणि पचमढी आधी यादीतून काढा. दोन्ही सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढेमागे, आणि शेवटचा टप्पा घाटाचा. लहान मुलं असली की दर दीड तासाला थांबावंच लागतं. जाण्यायेण्यातच नऊ-दहा तास गेले तर चालणार कधी? ती दोन्ही ठिकाणं मुक्कामाची आहेत.

डोंगरवाट
तुमच्या गरजेला कुकडीखापा बसतो. नागपूर–सावनेर–सौंसर–रामाकोना, मग सिल्लेवानीचा घाट, पुढे उमरानाला. छिंदवाडा नागपूरहून सव्वाशे किलोमीटर आणि कुकडीखापा त्याच्या अलीकडे, रामाकोना आणि उमरानाल्याच्या मध्ये. धबधबा साधारण ६० फुटांचा, सिल्लेवानीच्या डोंगररांगेत. नाश्त्याचा थांबा धरून तीन तास. जुलैचा शेवट ते सप्टेंबर हा त्याचा खरा काळ. हिवाळ्यात धार बारीक होत जाते.

आता महत्त्वाचं. आपल्या भागातले असे धबधबे पठाराच्या कडेवरून खाली पडतात. म्हणजे गाडी वर लागते, आधी उतरायचं आणि दमल्यावर चढायचं. सह्याद्रीतल्या गडाच्या अगदी उलटं. गडावर दमलेला माणूस अर्ध्या वाटेतून मागे फिरला तर त्याला उतार मिळतो. इथे दमलेल्या माणसाला चढ मिळतो. म्हणून 'जाताना किती सोपं होतं' यावर काही ठरवू नका. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दीडपट परतीला धरा, सहा वर्षांचं लेकरू असेल तर दुप्पट.

ओल्या दगडी वाटेवर कुटुंबाचा वेग ताशी दोन किलोमीटरच्या वर जात नाही. नकाशात एक किलोमीटर दिसलं म्हणून पंधरा मिनिटं धरू नका.

वऱ्हाडी_ठेचा
काहून एवढ्या दूर जाऊन राहिले जी? पारशिवनीजवळ घोगरा महादेव आहे न. तासाभरात पोचता, नदी खडकातून खळाळत वाहते, देवदर्शनही होते. मध्य प्रदेशात जायची गरजच काय?

सीताबर्डीकर
ठेचा भाऊ, जागा सुंदरच आहे, पण ऑगस्टमध्ये लेकरांना घेऊन खडकांवर उतरायला नाही. तिथे वाहते ती पेंच नदी, आणि वर नवेगाव खैरीचं धरण, त्याच्याही वर तोतलाडोह. धरणं भरत आली की दारं उघडतात. पारशिवनीत ऊन पडलेलं असतं आणि पात्रात पाणी चढत असतं. दर्शन घ्या, काठावरून बघा, पण मधल्या खडकांवर डबा उघडून बसू नका. हिवाळ्यात मात्र जरूर जा, तेव्हा खडकांची कोरलेली रूपं नीट दिसतात.

वऱ्हाडी_ठेचा
हे बरोबर बोलले. दाराचं पाणी डोक्यात नव्हतं आलं. मंग हिवाळ्याची सहल घोगऱ्याला, ठरलं.

रेल्वेवाला_इतवारी
हाजरा फॉलला कमी लेखू नका. गोंदिया जिल्हा, सालेकसा तालुका, दरेकसा स्टेशनापासून अगदी जवळ. रस्त्याने जायचं तर भंडारा–साकोली–देवरी, मग आमगाव–सालेकसा. चार तास धरा. रेल्वेने गोंदियापर्यंत गाड्या भरपूर, पण दरेकशाला फक्त डोंगरगडकडे जाणाऱ्या लोकल-पॅसेंजर थांबतात. त्यांच्या वेळा आदल्या दिवशी बघा, आणि परतीची गाडी आधी बघा, जायची नंतर.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. हावडा–मुंबई मुख्य मार्ग तिथून जातो, बोगदा आहे, वळणं आहेत. बरेच लोक 'शॉर्टकट' म्हणून रुळांवरून चालतात. धबधब्याच्या आणि पावसाच्या आवाजात विजेवरची गाडी अगदी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही, आणि बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हाही आहे. रस्त्यानेच जा, पाच-दहा मिनिटं जास्त लागू द्या.

हाजऱ्याला चालणं थोडं आहे, त्यामुळे आजींना सोपं. चालायचंच असेल तर जवळ कचारगडची गुहा आहे. कोया-गोंड समाजाचं ते मोठं श्रद्धास्थान, माघ पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. तिथे आरडाओरडा, गाणी, प्लास्टिक काही नको.

मुग्धा_प्रतापनगर
चार तास एका बाजूने मुलाला झेपणार नाहीत. त्यामुळे कुकडीखाप्याकडे कल आहे. पेंचमध्ये अंबाखोरी म्हणून आहे ना, ते कसं?

डोंगरवाट
पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतलं जंगल आहे, वाघाचा वावर. कोअर भाग पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, पर्यटनासाठी बंद असतो. वनविभागाच्या नाक्यावर विचारल्याशिवाय त्या बाजूचा बेत करू नका. मुलांसोबत पायी तर नाहीच.

स्टेथो_मेडिकल_चौक
तब्येतीच्या बाजूने काही गोष्टी, कारण लोक बँडेड घेतात आणि बाकी सोडून देतात.

पाणी: ऑगस्टमध्ये गारवा वाटतो म्हणून लोक कमी पितात, पण हवेत दमटपणा एवढा असतो की घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. मोठ्यांना दोन ते अडीच लिटर, मुलांना लिटर-दीड लिटर. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची. अर्धी पुडी ग्लासात टाकून देतात, त्याने मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं आणि मुलांचा त्रास वाढतो. ओढ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी प्यायचं नाही. वर गुरं चरतात.

स्क्रब टायफस: २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात याची मोठी साथ आली होती. उंच गवतात आणि झुडपांत माइट म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक जीव असतात, त्यांच्या अळ्या चावतात. चावलेलं कळत नाही. म्हणून पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, पँटची टोकं मोज्यात खोचलेली. गवतावर थेट लोळायचं नाही, जाड सतरंजी हवी. कपडे झुडपावर वाळत घालायचे नाहीत, ही चूक जवळपास सगळे करतात. घरी आल्यावर साबणाने आंघोळ, कपडे गरम पाण्यात. सहलीनंतर एक ते तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'जंगलात गेलो होतो' हे स्वतःहून सांगा. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली आहे का बघा. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधाने बरा होतो. उशीर झाला तर जिवावर बेततो.

साप: चावल्यास आवळून बांधणं, कापणं, चोखणं, काही नाही. चावलेला हात किंवा पाय हाडमोडीसारखा फळीला बांधून स्थिर, अंगठी-पैंजण काढून टाकायचे, माणसाला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून किंवा पकडून न्यायची गरज नाही. १०८ दोन्ही राज्यांत चालतो.

धरमपेठची_काकू
मुग्धा, गुडघ्यांचं सांगते. चढताना दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतरताना. सासूबाईंना दोन काठ्या द्या, एक नाही. बांबूची उंची हात कोपरात काटकोनात वाकेल एवढी, उतरताना त्याहून चार बोटं जास्त. वर सुतळी गुंडाळा, ओल्या हातातून निसटत नाही. नी-कॅप घरून घालून निघायची नाही, गाडीत तीन तास बसून पाय सुजतो. चालायला सुरुवात करताना घालायची.

आणि त्यांना 'तुम्ही वरच बसा' असं आधीच सांगू नका हो. रोज चालणारं माणूस आहे. निम्म्या वाटेवर बसायला चांगला दगड बघून तिथपर्यंत न्या, मग त्या ठरवतील.

मुग्धा_प्रतापनगर
काकू, धन्यवाद. हे मनापासून पटलं. त्या आधीच म्हणाल्यात, 'मी गाडीत बसून राहायला येणार नाही.'

पोट्टा_हिंगण्याचा
सगळे घाबरवूनच राहिले. धबधब्यावर जाऊन भिजायचं नाही, पोहायचं नाही, तर मग जायचं कशाला? पोरांना पाण्यात उतरू द्या न. आम्ही तर पावसाळाभर झिल्पी न् मोहगावकडे असतो.

डोंगरवाट
भिजायला कोणी नाही म्हणत नाही. कुठे, ते बघायचं.

धारेच्या थेट खालचा डोह सोडून द्यायचा. का ते सांगतो. धार पडते तिथे पाणी खाली जाऊन वर येतं आणि पुन्हा धारेकडेच ओढलं जातं. त्या भोवऱ्यात सापडलेला माणूस काठाकडे हात मारतो आणि तिथेच फिरत राहतो. दुसरं, फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे ते माणसाला नेहमीसारखं तरंगवत नाही. तलावात उत्तम पोहणाराही तिथे खाली जातो. तिसरं, पावसाळ्यात धारेसोबत वरून दगड येतात, मुठीएवढा दगड ६० फुटांवरून डोक्यात पडला तर पुढे बोलायला नको. आणि गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. मागच्या आठवड्यात जिथे खोल होतं तिथे आज ओंडका अडकलेला असू शकतो.

मुलांसाठी जागा कशी निवडायची: धबधब्याच्या बरंच खाली, जिथे ओढा पसरट झाला आहे, तळ दिसतो आहे आणि पाणी मुलाच्या घोट्याच्या वर नाही. आधी मोठ्या माणसाने काठीने तळ चाचपायचा. मग एक मोठा माणूस मुलांच्या खालच्या अंगाला, प्रवाहाच्या दिशेने, उभा राहायचा. लोक मुलांच्या वरच्या अंगाला उभे राहतात, पण पाय निसटला तर मूल खाली जाणार, वर नाही. त्या माणसाच्या हातात मोबाईल नको.

पोट्टा_हिंगण्याचा
खालच्या अंगाला उभं राहायचं, हे कामाचं आहे भाऊ. बाकी पण समजलं. पण एवढ्या खालून पाणी वाढलेलं कळणार कसं?

डोंगरवाट
पोचल्याबरोबर काठावर पाण्याच्या रेषेला एक खूण करा. दगडाला अगदी पाणी टेकतं तिथे खडूने रेघ, किंवा काठी रोवा. दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी बघायचं. रेघ बुडली की सामान गोळा करत बसायचं नाही, माणसं वर.

पाणी चढायच्या आधीही खुणा दिसतात. निवळ पाणी चहाच्या रंगाकडे झुकू लागतं. वाळलेली पानं, काटक्या, गवताचे पुंजके वाहत येऊ लागतात. आवाज जड होतो. यातलं एक जरी दिसलं तरी हाक मारायची. डोक्यावर निळं आभाळ असलं तरी, कारण पाऊस वर पठारावर, पाच-सात किलोमीटर दूर, पडलेला असतो आणि पठाराचं सगळं पाणी त्या एकाच घळीतून उतरतं. ओढा ओलांडून पलीकडे बसायचंच नाही. धबधबा अलीकडून दिसतो तेवढा पुरे. अडकणारे सगळे पलीकडच्या काठावर अडकतात.

अन्नपूर्णा_महाल
कोणी डब्याचं विचारलंच नाही! मुग्धाताई, दशम्या न्या. दुधात भिजवलेली कणीक, पाण्याचा थेंब नाही, रात्रीपर्यंत मऊ राहतात. सोबत कोरडा झुणका; कांदा कमी, तेल सढळ, चांगला मोकळा होईपर्यंत परतायचा. मुलांना तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गूळ. शेंगदाण्याची चटणी. फुटाणे-मुरमुरे वाटेत तोंडात टाकायला. सांभारवडी नाश्त्यालाच संपवा, कोथिंबिरीचं सारण दुपारी आंबतं.

दहीभात नको, दमट हवेत बंद डब्यात चार तासांनी वास येतो. उकडलेला बटाटा आणि ओलं खोबरंही नको.

वऱ्हाडी_ठेचा
ठेच्याचं नाव नाही घेतलं ताई तुम्ही! माझं नाव काय शोभेला आहे काय?

अन्नपूर्णा_महाल
हिरव्या मिरचीचा, लसूण-मीठ घालून तेलावर परतलेला असेल तर जरूर. कच्चा असेल तर नाही. आणि भाऊ, पोरांच्या डब्यापासून दूर ठेवा, डोळ्यांत गेला तर डोंगरात धुवायला पाणी पुरत नाही.

सीताबर्डीकर
डबा गाडीजवळ, वरच खा. धबधब्याकडे फक्त पाणी आणि सुका खाऊ. माकडांना पिशवीचा आवाज ओळखीचा झालाय, कागद वाजला की येतात. पिशवी ओढली तर सोडून द्या, ओढाताणीत ओरखडा बसला की रेबीजची इंजेक्शनं आली. त्यांना हातानं खाऊ देऊ नका, त्यांची ही सवय माणसांनीच लावली आहे. कचऱ्यासाठी एक जाड पिशवी वेगळी न्या आणि ती नागपूरपर्यंत परत आणा. तिथे कचराकुंडी दिसली तरी तिच्यातलं सगळं पहिल्याच वाऱ्यात ओढ्यात जातं.

निसरडी_वाट
बुटांवर कोणी बोललं नाही, आणि सर्वांत जास्त हातपाय तिथेच मोडतात.

स्लिपर, क्रॉक्स, गुळगुळीत तळाचे पांढरे स्पोर्ट्स शूज, तिन्ही बाद. तळाला खोल खाचा आणि मऊ रबर हवं. तळव्यावर नख दाबलं तर थोडं रुतलं पाहिजे. जुना, कडक झालेला सोल नवा दिसला तरी ओल्या दगडावर घसरतो. मागे पट्टा असलेल्या सँडल चालतील, पण नवीन पादत्राण त्या दिवशी पहिल्यांदा घालायचं नाही.

शेवाळाबद्दल नीट सांगतो. हिरवं, केसाळ शेवाळ डोळ्यांना दिसतं, त्याची भीती वाटते आणि माणूस सांभाळतो. खरी घसरण असते ती काळसर, पातळ थराची. दगड नुसता ओला, काळा आणि चकचकीत दिसतो, हात लावला तर बुळबुळीत लागतो. पाणी सतत झिरपतं त्या उतरत्या खडकावर हा थर असतोच. त्यावर पाय ठेवायचाच नाही, खरबरीत फिकट दगड किंवा दोन दगडांमधली खाच शोधायची. पाय सपाट टेकवायचा, टाच आधी टेकवली की निसटते. उतरताना अंग थोडं आडवं, पावलं छोटी, दोन पाय आणि एक हात यांपैकी दोन तरी नेहमी टेकलेले. अगदीच अडचण झाली तर बुटांवरून जुने जाड सुती मोजे चढवा, काळ्या थरावर पकड येते.

मुलाचा हात मनगटाला धरायचा, बोटांना नाही. ओली बोटं निसटतात.

जीन्स नको. भिजली की जड होते, मांड्या घासतात आणि वाळत नाही. छत्र्या गाडीत ठेवा, वाटेवर हात मोकळे हवेत. मुलांना लाल-केशरी कपडे, हिरव्यात दिसत नाहीत. सुक्या कपड्यांचा एक जोड प्रत्येकाचा गाडीत, प्लास्टिकमध्ये.

आभाळ_निरीक्षक
हवामानावर माझं थोडं. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा आदल्या रात्री आणि निघताना असा दोनदा बघा. पण फक्त नागपूरचा बघून चालणार नाही. तुमचं पाणी छिंदवाडा जिल्ह्यात पडणार आहे, त्यामुळे मध्य प्रदेशाचा इशारा बघायचा. ऑरेंज किंवा रेड असेल तर बेत रद्द. यलो असेल तर वरूनच बघायचं, उतरायचं नाही. शिवाय आदल्या चोवीस तासांत किती पडला ते बघा; ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की हवामान खातं त्याला 'जोरदार' म्हणतं, आणि तेवढा पडून गेल्यावर आज ऊन असलं तरी ओढे फुगलेले असतात.

विजांचं: आपल्याकडे गडगडाटी पाऊस बहुतेक दुपारनंतर चढतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये घेऊन ठेवा, आसपास वीज पडत असेल तर इशारा देतं. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी मोजले तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, चला गाडीकडे. एकट्या झाडाखाली नाही, कड्याच्या कपारीच्या तोंडाशीही नाही. कड्यावर पडलेली वीज ओल्या दगडावरून उतरत त्या तोंडातून उडी मारते. पत्र्याचं छत असलेली, काचा वर केलेली गाडी सर्वांत सुरक्षित. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.

डोंगरवाट
हेच धरून वेळापत्रक उलटं लावा, घरी पोचण्याच्या वेळेपासून मागे. ऑगस्टच्या मध्यात सूर्यास्त पावणेसातच्या आसपास, पण घळीत अंधार त्याच्या तासभर आधी उतरतो आणि घाटात धुकं असू शकतं. घाट उजेडात उतरायचा म्हणजे गाड्या तीनला हलल्या पाहिजेत. जेवण वर, पाऊण तास. म्हणजे सव्वादोनला सगळे गाडीजवळ. चढायला सव्वा तास धरला तर एकला पाण्यापासून निघायचं. एक म्हणजे एक. धबधबा तेव्हाच रंगात असतो, मुलं 'अजून पाच मिनिटं' म्हणतात, कोणी ऐकत नाही, आणि मग सगळं एकमेकांवर येऊन आदळतं: घाई, निसरडी वाट, दुपारच्या विजा, घाटातला अंधार. निघतानाच एक माणूस नेमा ज्याचं घड्याळ चालेल, आणि त्याच्याशी हुज्जत घालायची नाही हे घरीच ठरवा. सकाळी अकरापर्यंत खाली पोचला नाहीत तर उतरणं तिथेच सोडा, वरून बघा.

पोट्टा_हिंगण्याचा
एक वाजता परत म्हणजे पहाटेच निघावं लागेल.

डोंगरवाट
साडेपाचला. सौंसरला नाश्ता, नऊला वर. ज्यांना जामसावळीच्या हनुमानाचं दर्शन घ्यायचं असेल त्यांनी येताना घ्यावं, जाताना नाही.

चालक_कोराडी_रोड
गाडीवाल्यांसाठी दोन शब्द. घाट उतरताना दुसरा गिअर, न्यूट्रल कधीच नाही; ब्रेकवर पाय दाबून ठेवला की तापून पकड सोडतो. धुक्यात डिपर लो बीमवर, हाय बीमने समोर पांढरी भिंतच दिसते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला वळण कळत नाही.

रपट्यावरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी जात असेल तर थांबायचं. एक फूट वाहतं पाणी छोट्या गाडीला उचलू लागतं, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. आणि गढूळ पाण्याखाली रपटा शिल्लक आहे की मधूनच खचलाय हे वरून दिसत नाही. समोरचा ट्रक गेला म्हणून आपण जायचं नाही, त्याचं वजन वेगळं. तास-दोन तासांत पाणी उतरतं, दशम्या आहेतच.

पार्किंगमध्ये गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला, उताराच्या ओल्या गवतावर नाही. टाकी सौंसरला भरून घ्या. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, घळीत नेटवर्क जातं. एक फोन बंद करून, प्लास्टिकमध्ये, गरजेसाठी राखून ठेवा. ११२ दोन्हीकडे लागतो.

हिरवी_पाखरं
त्याच दिवशी लिलाही पण होईल का? जवळ आहे म्हणतात.

सीताबर्डीकर
नाही. लिलाही कन्हान नदीवर, मोहखेड भागात, पांढुर्ण्याच्या रस्त्याला. फाटा वेगळा, दोन्ही केले तर एकाही ठिकाणी चालणं होणार नाही. आणि कधी त्या बाजूने जायचं झालं तर पोळ्याचा दुसरा दिवस टाळा. जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार असते, गावात गाडी घालायची सोय नसते.

मुग्धा_प्रतापनगर
सर्वांचे मनापासून आभार. आता असं ठरतंय: कुकडीखापा, साडेपाचला निघणं, नऊला वर. साडेनऊला चालायला सुरुवात, सासूबाई दोन काठ्यांसह निम्म्यापर्यंत नक्की, पुढचं त्यांच्या इच्छेवर. त्या जिथे थांबतील तिथे एक मोठं माणूस सोबत. घड्याळ जाऊबाईंकडे, त्यांचं सगळे ऐकतात. एकला परत. यलो असेल तर वरूनच. दोरी न्यायची का? पुतण्या म्हणतो कमरेला बांधून ओढा ओलांडू.

डोंगरवाट
बेत उत्तम. पण थांबणाऱ्याजवळ पाणी, शिट्टी आणि रेनकोट हवाच, आणि शिट्टीची भाषा ठरवा: तीन लांब म्हणजे मदत.

कमरेला दोरी कधीच नाही. वाहत्या पाण्यात पाय निसटला की दोरी ताणली जाते, माणूस जागेवर अडकतो आणि वरून येणारं पाणी त्याला खाली दाबतं. गाठ ओली झाल्यावर सुटत नाही. पुतण्याला हे नीट समजावून सांगा, वय तसंच आहे.

दोरी फेकण्यासाठी न्या. पाच लिटरची तेलाची रिकामी कॅन, आत पेलाभर पाणी घालून झाकण घट्ट, म्हणजे फेकताना वाऱ्याने भरकटत नाही. तिच्या कडीला पंधरा मीटर दोरी. पडलेल्याच्या पलीकडे फेकायची आणि त्याच्याकडे ओढत आणायची. नाहीतर काठी, ओढणी, पाचवारी पुढे करायची, स्वतः काठावर पालथं झोपून. मागे उडी मारायची नाही, मग तो बाप असो की काका. एकाच्या मागे दुसरा जातो तो असाच.

मुग्धा_प्रतापनगर
दोरी कुठली? घरी नायलॉनची आहे.

निसरडी_वाट
नायलॉनची बुडते आणि खडकात अडकते. पॉलिप्रॉपिलिनची घ्या, ती तरंगते. जाडी आठ ते दहा मिलिमीटर, बारीक दोरी ओल्या हाताला कापते. इतवारीत दोरीच्या दुकानात मीटरवर मिळते. पिवळी किंवा केशरी मागा, पाण्यात दिसते. घरी मैदानात सगळ्यांनी, मुलीनेसुद्धा, कॅन फेकून बघा. दोरीचं मोकळं टोक पायाखाली दाबायला विसरतात, मग कॅनसोबत दोरीही जाते.